बागेतले कलम आणि कायद्यातले कलम

देवगड तालुक्यातील एका वाचक मुलीचे पत्र आले आहे. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.

घरची हापूसची दीडशेच्या आसपास कलमे आहेत. वडील जानेवारीपासून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घेऊन पेट्यांची नोंदणी करतात. यंदा मोहोर दोनदा गळला, थ्रिप्स या किडीने फळे डागाळली आणि तीनशे पेट्यांची नोंदणी असताना बागेतून जेमतेम एकशे ऐंशी निघाल्या. उरलेल्या पेट्यांत कर्नाटकातून आलेला आंबा भरला गेला. पेटी मात्र तीच, 'देवगड हापूस' असे छापलेली. मुलीने विचारले तेव्हा वडील म्हणाले, "सगळेच करतत. गिऱ्हाइकाक गोड लागला म्हणजे झाला." आता या सत्रात तिला व्यवसाय कायदा आणि नीती हा विषय आहे, आणि प्राध्यापकांनी 'स्थानिक व्यवसायातील नैतिक आचरण' या विषयावर प्रकल्प सांगितला आहे, तोही शक्यतो स्वतःच्या घरच्या धंद्यावर. तिचे प्रश्न असे: खरे लिहिले तर वडिलांची बदनामी, खोटे लिहिले तर मी ढोंगी, मग हा अभ्यासविषयच बदलावा का? हा विषय मोठ्या कंपन्यांसाठी आहे, आमच्यासारख्यांना नीती परवडते का? आणि रोज रात्री पुस्तक उघडले की प्रत्येक कलम बाबांवरचा आरोप वाटतो, त्याचे काय करू? शेवटी, बाबांशी याबद्दल बोलू तरी कसे?

उत्तर

तुमच्या पत्रात वडिलांच्या वागण्याबद्दल दीड पान आहे आणि गिऱ्हाइकांशी कोण बोलते याबद्दल अर्धे वाक्य: 'मोबाइलचे सगळे मीच बघते.' मी त्या अर्ध्या वाक्यापासून सुरुवात करतो. पुढे तुम्ही सहज लिहून गेला आहात की पुण्याच्या एका काकूंनी मेसेजवर विचारले, 'देवगडचाच आहे ना गं?' आणि तुम्ही उत्तरादाखल हात जोडल्याचे चित्र पाठवले. हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तुमच्या मनाला खरे तर हीच गोष्ट टोचते आहे, असा माझा अंदाज आहे, आणि वडिलांविषयीचे दीड पान हा त्या टोचणीला दिलेला आडोसा आहे.

तुमच्या अभ्यासक्रमात भारतीय करार कायदा, १८७२ असणारच. त्याचे कलम १७ कपटाविषयी आहे आणि त्याखाली दिलेली घोड्याची उदाहरणे बहुतेक विद्यार्थी परीक्षेत येणार नाहीत म्हणून सोडून देतात. ती पुन्हा वाचा. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. आता घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर? तेव्हा नातेच असे आहे की सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हटले नाही, तर मी घोडा निकोप आहे असे धरून चालेन'. विकणारा गप्प राहतो. अशा वेळी, कायदा म्हणतो, मौन म्हणजेच बोलणे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला मोबाइल ठाऊक नव्हता, पण तुमचे हात जोडलेले चित्र त्याने बरोबर ओळखले असते.

हे मी तुम्हाला अपराधी वाटावे म्हणून लिहीत नाही. 'प्रत्येक कलम बाबांवरचा आरोप वाटतो' या तुमच्या वाक्यात एक गृहीतक लपले आहे, ते दाखवण्यासाठी लिहितो. कायद्याचे पुस्तक हे आरोपपत्र आहे, त्यात एका बाजूला वडील उभे आहेत आणि तुम्ही प्रेक्षकांत किंवा न्यायासनावर बसल्या आहात, असे तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात या व्यवहारात तुम्ही एक पक्ष आहात, आणि त्यामुळे बदल करण्याची थोडी ताकद तुमच्याही हातात आहे.

आता वडिलांच्या युक्तिवादाकडे येऊ, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आंबा गोड लागला, कोणी तक्रार केली नाही, मग नुकसान कोणाचे? वस्तुविक्री कायदा, १९३० मधील कलम १५ याचे उत्तर देते. वर्णन सांगून माल विकला, तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही न बोलताही लागू होणारी अट आहे. यामागचा विचार समजून घ्यायला एक जुना इंग्रजी खटला उपयोगी पडतो. त्यात माल होता मद्रासचा तांदूळ, आणि बोली होती की तो १८७४ च्या मार्च किंवा एप्रिलमध्ये जहाजावर चढवला जाईल. बराचसा तांदूळ फेब्रुवारीतच चढवला गेला. खरेदीदाराने माल नाकारला आणि १८७७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याच्या बाजूने निकाल दिला. तांदूळ चांगला की वाईट यावर तो निकाल ठरला नाही. बोलीत जो महिना होता त्यावर ठरला. पेटीवर 'देवगड' हा शब्द छापला, म्हणजे तो शब्दही विकला. आतला आंबा कितीही गोड असला तरी शब्दाचे पैसे घेतलेले आहेत, आणि ते पैसे किती, हे वडिलांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार, कारण कर्नाटकचा आंबा त्यांनी कोणत्या दराने आणला आणि पेटी कोणत्या दराने गेली, याचा हिशेब त्यांच्याच वहीत आहे.

हापूसच्या बाबतीत या शब्दाला आणखी एक कुंपण आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळाला. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात खोटे मानांकन लावणाऱ्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार गिऱ्हाईक स्वतः जिथे राहते तिथल्या ग्राहक आयोगापुढे तक्रार करू शकते. म्हणजे पुण्याच्या काकूंना देवगडला यावे लागत नाही, तुम्हालाच घाट चढून जावे लागते. हे सारे माहीत असावे म्हणून सांगितले. जेवणाच्या ताटावर बसून वडिलांना हे आकडे ऐकवू नका. धाकाने ऐकलेली गोष्ट पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही, आणि घरात कायद्याच्या धमक्या सुरू झाल्या की बोलणेच बंद होते.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तुम्ही पुस्तक अर्ध्यावर मिटले आहे. ज्या कायद्यात तुम्हाला वडिलांची चूक सापडली, त्याच कायद्यात त्यांची सुटकाही आहे, आणि ती तुम्ही पाहिलेली दिसत नाही.

१८७६ च्या एका इंग्रजी निकालाची गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याने आपल्या ठरावीक जमिनीत पिकणारे २०० टन बटाटे विकण्याचा करार केला. पेरणी पुरेशी केली होती, पण रोग पडला आणि हाती सुमारे ८० टन आले. ते त्याने दिले. खरेदीदाराने उरलेल्यासाठी नुकसानभरपाई मागितली आणि न्यायालयाने ती नाकारली. करार त्या जमिनीतल्या पिकाचा होता, शेतकऱ्याची चूक नव्हती, पीकच नष्ट झाले. मग तो जबाबदार कसा? आपल्या करार कायद्यातील कलम ५६, जे अशक्य झालेल्या कराराविषयी आहे, तेही याच दिशेचे आहे, आणि अशा वेळी घेतलेला लाभ, म्हणजे तुमच्या बाबतीत आगाऊ रक्कम, परत करावा असे कलम ६५ सांगते.

वडिलांना वाटते की तीनशे पेट्यांचे पैसे घेतले म्हणजे काहीही करून तीनशे पेट्या दिल्याच पाहिजेत. शब्द पाळण्याच्या या ओढीतूनच त्यांनी खोटा शब्द छापला, यात मला लबाडीपेक्षा घाबरलेला प्रामाणिकपणा अधिक दिसतो. (सगळ्यांच्या बाबतीत मी असे म्हणणार नाही. मोहोर यायच्या आधीच परराज्यातल्या मालाचा सौदा करून ठेवणारे व्यापारीही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझ्याकडे इतकी सहानुभूती नाही.) कायदा तुमच्या वडिलांना असे सांगतो आहे की करार 'आमच्या बागेतल्या फळाचा' असता, तर १२० पेट्या न देणे हा करारभंग नव्हता, पैसे परत करणे पुरेसे होते.

इथे 'असता तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नोंदणीच्या मेसेजमध्ये तुम्ही काय लिहिले होते ते उघडून पाहा. नुसते 'देवगड हापूस' लिहिले असेल, तर शेजारच्या वाडीतून फळ घेऊन पेटी भरली असती तरी वर्णन जुळले असते. महाग पडले असते, पण खोटे ठरले नसते. मात्र त्याच कारणाने, आमच्या बागेत पीक आले नाही, ही सबब तिथे कमकुवत होते, कारण तालुक्यात देवगडचे फळ मिळतच होते. 'आमच्या बागेतला' लिहिले असेल, तर शेजारचे फळ चालत नाही, पण पीक बुडाल्यावर सुटका सोपी होते. एका शब्दाने दोन वेगळ्या जबाबदाऱ्या तयार होतात. तुमचे प्राध्यापक फळ्यावर 'भावी माल' (अजून तयार व्हायचा माल) आणि 'वर्णनानुसार विक्री' या व्याख्या लिहितील, तेव्हा त्या दोन्ही व्याख्या तुमच्या मोबाइलच्या जानेवारीतल्या मेसेजमध्ये आधीच बसलेल्या असतील.

म्हणून पुढच्या जानेवारीचा मेसेज आत्ताच लिहून ठेवा. उदाहरणार्थ: 'नोंदणी आमच्या बागेतील फळासाठी आहे. पीक कमी आल्यास नोंदणीच्या क्रमाने पेट्या दिल्या जातील व उरलेल्यांची आगाऊ रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल. ज्यांना चालेल त्यांना कर्नाटकचा आंबा वेगळ्या पेटीतून, वेगळ्या दराने देता येईल.' चार ओळी आहेत. कर्नाटकचा आंबा विकणे हे पाप नाही. तो आंबाही कोणीतरी घाम गाळून पिकवलेला आहे. त्याला त्याच्या नावाने विका. आणि आगाऊ रकमेतील काही भाग हंगाम संपेपर्यंत खर्चू नये, वेगळ्या खात्यात ठेवावा, हे वडिलांना पटवता आले तर या मेसेजला अर्थ राहील. रक्कम जर राखणदारांच्या पगारात आणि फवारणीत फेब्रुवारीतच संपत असेल, तर परतफेडीचे वचन हा आणखी एक खोटा शब्द होईल. अशा वेळी आगाऊ रक्कम कमी घ्या किंवा नोंदणी दोनशेवर थांबवा. माझ्या मते तुमच्या घरच्या अडचणीचे मूळ पेटीवरच्या छपाईत नाही. झाडावर फळ दिसण्याआधी तीनशेचा आकडा स्वीकारण्यात आहे.

'आम्हाला नीती परवडते का' या प्रश्नाबद्दल थोडे. नीतीचा धडा म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व, असा समज या अभ्यासक्रमाने नकळत करून दिला आहे. हे दायित्व सांगणारे कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ पाचशे कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना लागू होते. तुमच्या दीडशे कलमांना ते कलम लागू नाही, हे खरे. पण मोठ्या कंपनीकडे जाहिरात असते, वकील असतात, एक बाजारपेठ गेली तर दुसरी असते. तुमच्याकडे दोन-अडीचशे कुटुंबांचा विश्वास आहे, आणि त्यातली बरीच कुटुंबे एकाच सोसायटीत एकमेकांच्या शेजारी राहतात. खरे सांगितल्यावर काही गिऱ्हाइके जातील. किती जातील हे मी सांगू शकत नाही, आणि 'प्रामाणिकपणाला नेहमी फळ मिळते' असे आश्वासनही देणार नाही. एखाद्या वर्षी खरेच तोटा होईल. तो तोटा पेलण्याची तयारी कशी करायची, हा व्यवसायाचा प्रश्न आहे आणि तो वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीनेच सोडवायला घ्यावा.

आता प्रकल्प. वडिलांचे नाव घालून, पेट्यांचे आकडे देऊन खरे लिहिणे मला योग्य वाटत नाही. तो कागद महाविद्यालयाच्या कपाटात राहतो, वर्गात वाचला जातो, आणि आपल्या तालुक्यात कोणाची बाग कोणती हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्याची माहिती त्याच्या विश्वासामुळे तुम्हाला मिळाली, त्याची संमती न घेता ती उघड करणे हाही नीतीचाच प्रश्न आहे. पण 'आमच्या धंद्यात सर्व काही नीतीने चालते' असे लिहिणे तर मुळीच नको. प्राध्यापकांना जाऊन साधेपणाने सांगा की घरचा धंदा हा विषय घेणे मला अवघड आहे, मला प्रकल्पाचा विषय थोडा बदलून हवा. कारण विचारले तर 'घरच्यांची संमती नाही' एवढे पुरे. पर्यायी विषय तुमच्या आसपास भरपूर आहेत. मोहोरावर बाग कराराने देताना तोंडी काय ठरते आणि कागदावर काय येते. उचल घेतल्यावर दलालाला माल देण्याची सक्ती किती मुक्त संमतीची असते. दलालाच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, कोणत्या कपाती लागतात आणि त्या बागायतदाराला आधी सांगितलेल्या असतात का. या शेवटच्या विषयासाठी घरातल्या जुन्या पट्ट्या काढायला वडीलच मदत करतील, कारण तिथे फसवले गेलेले ते स्वतः आहेत. वर्णन एक आणि वस्तू दुसरी, याची चीड त्यांनाही येते. फक्त पट्टी हातात असताना येते, पेटी भरताना येत नाही.

सत्राचा अभ्यासविषय बदलू नका, हे आता वेगळे सांगायला नको. मात्र अभ्यासाची पद्धत बदला. मार्गदर्शकातली पाच-पाच मुद्द्यांची उत्तरे पाठ करण्याऐवजी मूळ कायद्यातील कलमांखालची उदाहरणे वाचा. करार कायद्यात ती मुबलक आहेत आणि फार थोड्या शब्दांत माणसांची वागणूक दाखवतात. नीतीच्या उत्तरात 'प्रामाणिक असावे' असे लिहून गुण मिळतील, पण समज येणार नाही. या व्यवहारात पक्ष कोण, कोणाला काय ठाऊक होते, कोण कोणावर विसंबून होता आणि गप्प राहिल्याने कोणाचा फायदा झाला, एवढे प्रश्न प्रत्येक उदाहरणाला विचारा. मालवणात निवासाची सोय करणाऱ्या घरातला मुलगा 'समुद्राला लागून' अशी जाहिरात करतो आणि पाहुण्यांना पंधरा मिनिटे चालावे लागते. वेंगुर्ल्यातली मुलगी बाहेरून आलेला काजू वेंगुर्ल्याच्या नावाने पाकिटात भरते. हे प्रश्न त्यांनाही तसेच लागू आहेत. घरच्या धंद्याबद्दल नेमका कायदेशीर सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; स्त्रियांना ही सेवा उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य मिळते.

वडिलांशी बोलण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. वडील ऐकणार नाहीत, ही शक्यता धरून चाला. तेव्हा तुमच्या हातात एवढेच राहते की पेटीत काय आहे हे ठाऊक असताना वेगळे काही सांगणारा मेसेज तुमच्या बोटांनी जाणार नाही. तसे त्यांना आधी, समोरासमोर, आवाज न चढवता सांगा. अढीत आंबे लावायला, पेट्या बांधायला नेहमीसारख्या बसा. कामातून अंग काढून घेतले तर त्यांना तो रुसवा वाटेल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. यंदाच्या गिऱ्हाइकांना पत्रे पाठवून कबुली द्यावी असे मी म्हणणार नाही, कारण तो निर्णय एकट्या तुमचा नाही. पण त्या काकूंनी पुढच्या वर्षी पुन्हा विचारले, तर हात जोडलेले चित्र पाठवू नका.

बोलायला वेळ मात्र नीट निवडा. सध्या पाऊस आहे, बागेत काम कमी आहे, आणि मोहोर अजून चार-पाच महिने लांब आहे. संध्याकाळी यंदाची वही आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या पट्ट्या घेऊन बसा, आणि पहिला प्रश्न कर्नाटकच्या आंब्याचा विचारू नका. 'बाबा, तीनशेची नोंदणी घ्यायचे कधी आणि कसे ठरले?' असे विचारा.